मुलं आत आली, शिक्षक बाहेर गेले : अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं शिक्षण आणि आजच्या शाळा

मृण्मयी_एनसी

फेब्रुवारी, म्हणजे इथला कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना, आला की इथल्या शाळांच्या भिंतींवर तेच चार-पाच चेहरे लागतात आणि मुलं घरी येऊन जी गोष्ट सांगतात ती साधारण अशी असते, की आधी गुलामगिरी होती तेव्हा काळ्या लोकांना शिकू देत नव्हते, मग वेगळ्या आणि वाईट शाळा होत्या, मग १९५४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि सगळी मुलं एकत्र शिकायला लागली. यातलं खोटं फारसं काही नाही. पण गोष्ट अशी सांगितली की त्यात काळे लोक नुसते वाट बघत बसलेले दिसतात, कोणीतरी येऊन दार उघडेल म्हणून. मी उत्तर कॅरोलिनात राहते, गेली काही वर्षं या विषयावर मिळेल ते वाचतेय आणि मला दिसलं ते याच्या बरोबर उलटं आहे, म्हणून हा धागा. लांबलाय, सावकाश वाचा.

सुरुवात आमच्याच राज्यापासून करते. १८३० साली इथल्या विधिमंडळाने कायदा केला की गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा. गोऱ्याने शिकवलं तर १०० ते २०० डॉलर दंड किंवा कैद, शिकवणारा स्वतः गुलाम असेल तर उघड्या पाठीवर ३९ फटके. कारणही कायद्यातच लिहून ठेवलंय, की वाचता आलं की यांच्या मनात असंतोष पैदा होतो आणि त्यातून बंड होतं. आणि त्यात एक सवलत होती, आकडे शिकवायला हरकत नाही! म्हणजे मालकाच्या हिशोबाला उपयोगी पडेल तेवढं चालेल, पुस्तक मात्र नको. कोणाला किती शिकवायचं हे ठरवणाऱ्याच्या डोक्यात काय असतं ते या एका सवलतीत मला स्वच्छ दिसतं.

तरी लोक शिकले. फ्रेडरिक डग्लस लहानपणी बाल्टिमोरला होता, मालकिणीने हौसेने मुळाक्षरं शिकवायला घेतली आणि तिच्या नवऱ्याने ती बंद पाडली. मग हा पोरगा खिशात पाव घेऊन निघायचा, गल्लीतल्या उपाशी गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि बदल्यात धडा घ्यायचा. गोदीतले सुतार जहाजाच्या लाकडांवर डाव्या-उजव्या बाजूची अक्षरं मारून ठेवायचे, त्यावरून लिहायला शिकला. जॉर्जियातल्या सवाना शहरात सूझी किंग टेलर नावाची मुलगी एका स्वतंत्र काळ्या बाईच्या घरी भरणाऱ्या चोरट्या शाळेत जायची, पुस्तकं कागदात गुंडाळून, पोलिसांना दिसू नयेत म्हणून. पुढे यादवी युद्धात तिने काळ्या सैनिकांना शिकवलं.

युद्ध संपल्यावर काय झालं ते जनगणनेत आहे. १८७० ला काळ्या लोकांत जवळपास ८० टक्के निरक्षर होते, १९१० ला ३० टक्के. चाळीस वर्षांत. आणि हा काळ लिंचिंगचा, म्हणजे जमावाने काळ्या लोकांना ठार मारण्याचा, मताधिकार काढून घेण्याचा, वेगळ्या सोयी कायदेशीर ठरवणाऱ्या १८९६ च्या त्या 'वेगळं पण समान' निकालाचा. सरकार पाठीशी नसताना, बऱ्याच ठिकाणी उघड विरोधात असताना, हे झालंय.

आता रोझेनवाल्ड शाळा. सीअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड आणि अलाबामातल्या टस्कीगी या काळ्या लोकांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन या दोघांनी १९१२ ला सुरू केलेली योजना, १९३२ पर्यंत चालली. दक्षिणेतल्या १५ राज्यांत ४,९७७ शाळा, आमच्या राज्यात सगळ्यात जास्त. लोकांना वाटतं एका श्रीमंत माणसाने शाळा बांधून दिल्या. हिशोब बघा : रोझेनवाल्डचे साधारण ४३ लाख डॉलर, आणि काळ्या लोकांनी वर्गणीतून उभे केलेले ४७ लाख! बाकीचा मोठा भाग सरकारी टॅक्सचा, जो हे लोकही भरतच होते. म्हणजे एकदा टॅक्स भरायचा, तो गोऱ्यांच्या शाळांवर जास्त खर्च होताना बघायचा, आणि मग आपल्या पोरांसाठी पुन्हा वेगळे पैसे काढायचे. कोणी कापसाच्या शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून ठेवायचं, बायका जेवणाचे डबे लिलावात विकायच्या, ज्याच्याकडे पैसे नाहीत तो लाकूड आणून द्यायचा. अलाबामात अशाच एका सभेत एक म्हातारा उठला, जन्माने गुलाम, त्याने मळकी थैली काढून टेबलावर ओतली, आयुष्यभराची बचत, ३८ डॉलर, नातवंडांच्या मुलांना संधी मिळावी म्हणून.

या शाळांचे नकाशे टस्कीगीत तयार झाले, रॉबर्ट टेलर या एमआयटीत शिकलेल्या काळ्या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली. खेड्यात वीज नाही, म्हणून इमारत अशी बसवायची की खिडक्या पूर्व-पश्चिमेला येतील, ओळीने उंचच उंच खिडक्या, आणि बाकं अशी लावायची की उजेड मुलांच्या डाव्या बाजूने यावा, लिहिताना हाताची सावली वहीवर पडू नये. दोन वर्गांमधली भिंत सरकवता यायची, बाजूला केली की गावाच्या सभेला हॉल. आमच्या जवळची अशी एक शाळा दुरुस्त करून ठेवलीय, आत उभं राहिलं की कळतं इथे बसणाऱ्या मुलाचा किती विचार केलेला होता.

आणि बांधून झाल्यावर इमारत कौंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नावावर करून द्यायची, ही योजनेची अट. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारण १९५४ नंतर काय झालं? निकाल नऊ विरुद्ध शून्य, ऐतिहासिक, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण अंमलबजावणी ज्यांच्या हातात गेली त्या कौंटी बोर्डांनी ठरवलं की एकत्र करायचं म्हणजे काळी शाळा बंद करायची आणि तिथली मुलं गोऱ्या शाळेत टाकायची. आणि शिक्षक? गोऱ्या पालकांना आपल्या मुलांना काळी बाई शिकवते हे चालणार नव्हतं. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेत आणि लगतच्या १७ राज्यांत ३८ हजारांच्या आसपास काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक घरी गेले. जे राहिले त्यांतल्या कित्येक मुख्याध्यापकांना सहायक केलं, नाहीतर पुस्तकांच्या खोलीवर बसवलं. ज्या इमारती लोकांनी पै-पै करून बांधून कौंटीला दिल्या होत्या त्यांना कौंटीने कुलूप लावलं.

मुलं आत आली, शिक्षक बाहेर गेले. आज अमेरिकेत शंभर शिक्षकांत सहा-सात काळे आहेत, त्याची एक मुळी इथे आहे. आपल्याकडे शिक्षणावर बोलताना बहुतेक वेळा पटसंख्या, प्रवेश, इमारत इथेच गाडी थांबते, म्हणून मला वाटतं हा इतिहास शिक्षकांनी आणि पालकांनी वाचावा. तुमचं मत सांगा.

तिठा

अप्रतिम धागा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक जोड देतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामात औदार्य दाखवलं, आणि आशा व्यक्त केली की आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवतील. यादवी संपून आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला त्या लढ्याचा अर्थ किती पटकन कळला होता बघा.

गुरुजी_साताराकर

मृण्मयीताई, मनापासून आभार. मी रयतमध्ये शिकलो, पुढे माध्यमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचा तो कापसाच्या तुकड्याचा प्रसंग वाचून कर्मवीर अण्णांच्या काळातल्या मूठभर धान्यावर चाललेल्या वसतिगृहांची आठवण आली, आमच्या वडिलांच्या पिढीने ते पाहिलेलं.

बुकर टी. वॉशिंग्टन यांचं नाव आम्हाला 'कमवा आणि शिका'च्या संदर्भात ऐकून माहीत, विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून शाळा बांधली वगैरे. पण त्यांच्यावर त्यांच्याच लोकांनी फार टीका केली असं वाचलंय. ती नेमकी काय होती? कोणी सविस्तर सांगेल का.

सई_बे

गुरुजी, मी प्रयत्न करते, ताई भर घालतीलच.

टस्कीगी १८८१ ला एका मोडकळीला आलेल्या शेडमध्ये सुरू झाली. विटा खरंच विद्यार्थ्यांनी पाडल्या, पहिल्या भट्ट्या फसल्या तरी पुन्हा लावल्या, पुढे आजूबाजूचे गोरे लोकही यांच्याकडून विटा विकत घ्यायला लागले. वॉशिंग्टनचं म्हणणं, आधी हाताला कसब, जमीन, स्वतःचा धंदा, मान मागून येईल. १८९५ ला अटलांटाच्या भाषणात त्यांनी गोऱ्या उद्योगपतींना जवळजवळ आश्वासनच दिलं की सामाजिक बरोबरीसाठी आम्ही भांडणार नाही. उत्तरेतल्या देणगीदारांना हे भलतंच आवडलं. त्याच वर्षी हार्वर्डमधून पीएचडी घेणारे पहिले काळे विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी पुढे यावर सडकून टीका केली, की मताचा हक्क सोडून दिलात तर तुमची जमीन आणि तुमचा धंदा राखणार कोण? आणि सगळ्यांना सुतारकामच शिकवलंत तर त्या शाळांत शिकवणारे शिक्षक कुठल्या कॉलेजातून येणार?

मला डु बॉइस पटतात. पण वॉशिंग्टनला निव्वळ भित्रा ठरवणंही बरोबर नाही, मताधिकार काढून घेणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या कोर्टकेसना हा माणूस गुपचूप पैसे पुरवत होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांतून बाहेर आलं. आणि गंमत म्हणजे रोझेनवाल्ड शाळा ही त्यांची कल्पना असली तरी तिथे लोकांनी सुतारकामापुरतं ठेवलं नाही, वाचन, इतिहास, कविता सगळं शिकवलं. लोकांनी आपल्याला हवं ते करून घेतलं.

अण्णांच्या कमवा-शिकात आणि यात मला एक फरक वाटतो, तिथे श्रम हे कॉलेजपर्यंत पोचायचा रस्ता होते, शेवटचा मुक्काम नव्हते.

वकील_नागपूर

धागा चांगला आहे पण मला एक धोका दिसतोय आणि तो स्पष्ट मांडतो. "जुन्या वेगळ्या शाळा किती आपुलकीच्या होत्या" हा सूर वाढत गेला की पुढचं वाक्य आपोआप येतं, मग वेगळंच बरं होतं. ते बरं नव्हतं. १९५४ चा निकाल ज्या केसमध्ये लागला ती ब्राउन केस ही एक केस नव्हती, पाच केसेस एकत्र केलेल्या होत्या, त्यातली साउथ कॅरोलिनाच्या क्लॅरेंडन कौंटीची वाचा. गोऱ्या मुलांसाठी ३० बस, काळ्या मुलांसाठी एकही नाही. १९४९-५० ला गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च, काळ्या मुलामागे ४३. लोकांनी मागितलं काय तर एक बस. मुलं मैलोन्‌मैल चालत येतात, एक बस द्या. नाही मिळाली. मग याचिका झाली, त्यावर पहिली सही हॅरी ब्रिग्ज यांची, ते पेट्रोल पंपावर कामाला होते, काम गेलं. बायको मोटेलमध्ये साफसफाईला होती, तिचंही गेलं. ज्या पाद्र्याने लोकांना उभं केलं, रेव्हरंड डिलेन, त्यांचं घर जाळलं.

तेव्हा त्या शाळांतल्या प्रेमाबद्दल बोलताना छप्पर गळत होतं हे विसरू नका. आणि पगाराचं पण बघा, काळ्या शिक्षकांना त्याच शहरात, त्याच कामाला कमी पगार असायचा, १९४० ला नॉरफोकच्या आल्स्टन केसमध्ये वकील थर्गुड मार्शलना त्यासाठी भांडावं लागलं. प्रेमाने पोट भरत नाही.

मृण्मयी_एनसी

वकीलसाहेब, तुमचं शब्दन्‌शब्द मान्य आणि हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. वेगळं बरं होतं असं मी म्हणत नाहीये. मी म्हणतेय की तुटपुंज्या पैशात त्या लोकांनी जे उभं केलं होतं, शिक्षक, त्यांचा धाक आणि माया, पालकांचा शाळेवरचा हक्क, ते एकत्र करताना फेकून द्यायची काही गरज नव्हती. ते फेकलं कारण निर्णय घेणाऱ्या टेबलावर यांच्यातलं कोणी नव्हतं.

छप्पर गळत होतं यावरून फार्मव्हिल सांगते. व्हर्जिनियातलं हे गाव, प्रिन्स एडवर्ड कौंटी. तिथलं काळ्या मुलांचं मोटन हायस्कूल आज म्युझियम आहे, आम्ही बघून आलो. शाळा बांधलेली १८० मुलांसाठी, १९५१ पर्यंत मुलं झाली साडेचारशेच्या वर. बोर्डाने काय केलं, तर मैदानात लाकडी खोपटी उभी केली, वरून डांबरी कागद. आत एक शेगडी. शेगडीजवळचं मूल घामाघूम, लांबचं मूल कोट घालून कुडकुडतंय, पाऊस आला की छत्री उघडून बसायचं. इतिहासाचे सर सकाळी बसही चालवायचे आणि शेगडीला लाकडंही घालायचे.

बार्बरा जॉन्स, वय १६. तिने संगीताच्या बाईंजवळ तक्रार केली, बाई म्हणाल्या मग तू काहीतरी का करत नाहीस. पोरीला राग आला, पण डोक्यात राहिलं. एके दिवशी तिची बस चुकली, रस्त्यात उभी असताना समोरून गोऱ्या मुलांची बस गेली, अर्धी रिकामी. २३ एप्रिल १९५१. मुलांनी मुख्याध्यापकांना फोन करून खोटंच सांगितलं की आपली काही मुलं बस स्टेशनवर पोलिसांच्या भानगडीत सापडलीत, ते तिकडे धावले. इकडे वर्गावर्गात चिठ्ठ्या गेल्या, हॉलमध्ये जमा, खाली मुख्याध्यापकांच्या आद्याक्षराची सही, ती बार्बराने केलेली. पडदा उघडला तर व्यासपीठावर मुख्याध्यापक नाहीत, ही मुलगी उभी. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं, पायातला बूट काढून आपटला आणि बोलायला लागली. सगळी शाळा बाहेर पडली, दोन आठवडे संप. तो हॉल अजून तसाच आहे, व्यासपीठ छोटंसं, आपल्या गॅदरिंगला असतं तेवढं.

मुलांना हवी होती नवी इमारत. वकील आले ते म्हणाले इमारतीसाठी भांडणार नाही, वेगळेपणाविरुद्ध भांडायचं असेल तर येतो. आईवडिलांनी विचार केला आणि हो म्हणाले. मुख्याध्यापकांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही, बार्बराला जिवाच्या भीतीने अलाबामाला काकाकडे पाठवलं. हीच केस ब्राउनमधल्या पाचांतली एक.

कोरी_पाटी

ताई, प्रिन्स एडवर्ड कौंटीने निकालानंतर शाळाच बंद केल्या ना? मी झेडपीच्या छोट्या शाळेवर आहे, पट वीसच्या आत, आमच्याकडे कमी पटाच्या शाळा एकत्र करायची चर्चा वर्षाआड उठते, म्हणून विचारतेय. तुलना सरसकट लागू होणार नाही हे कळतं, तिथे कारण वंशद्वेष होतं आणि इथे खर्चाचं गणित सांगतात. पण शाळा बंद झाली की मुलांचं पुढे काय होतं हे कोणी नीट पाहिलंय का?

मृण्मयी_एनसी

हो, बंद केल्या. १९५९ ला कोर्टाने सांगितलं आता एकत्र करा, तर कौंटीने शाळांसाठी पैसेच मंजूर केले नाहीत. सगळ्या सरकारी शाळा पाच वर्षं बंद, १९५९ ते १९६४. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकॅडमी निघाली, तिला सरकारी अनुदानाचा टेकू. काळी मुलं, सतराशेच्या आसपास, वाऱ्यावर. काहींना आईवडिलांनी दुसऱ्या राज्यात नातेवाइकांकडे पाठवलं, काही क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मदतीने परक्या घरांत राहून शिकली, काही चर्चच्या तळघरात थोडंफार शिकली, आणि बरीच शेतात कामाला लागली ती परत आलीच नाहीत. सात वर्षांचं मूल बारा वर्षांचं होईपर्यंत शाळेत गेलं नाही असं झालं. सुप्रीम कोर्टाने १९६४ ला शाळा उघडायला लावल्या. व्हर्जिनिया सरकारने या मुलांसाठी शिष्यवृत्ती ठेवली ती २००४ ला, तोवर ती पन्नाशी-साठीची झाली होती. लोकांनी ती घेतली, म्हातारपणी परीक्षा दिल्या.

तुमच्या प्रश्नाला जवळचं उदाहरण मात्र आमच्या राज्यातल्या हाइड कौंटीचं आहे. समुद्रकाठचा गरीब भाग. १९६८ ला बोर्डाने ठरवलं की एकत्रीकरणासाठी काळ्यांच्या दोन्ही शाळा, ओ. ए. पी आणि डेव्हिस, बंद होणार. एकत्रीकरण काळ्या पालकांनाही हवंच होतं, पण ते म्हणाले दर वेळी आमचीच शाळा का बंद, आमचेच शिक्षक का घरी? त्यांनी अख्खं शैक्षणिक वर्ष मुलं शाळेत पाठवली नाहीत. मोर्चे काढले, चालत राजधानी रॉलीपर्यंत आले, पोरंसुद्धा जेलमध्ये गेली. आणि जिंकले. दोन्ही शाळा वाचल्या. हा लढा इतिहासाच्या पुस्तकांत जवळजवळ नाहीच, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नाना_सदाशिव

इतिहास उत्तम मांडलाय, वादच नाही. पण शेवटी चांगला शिक्षक तो चांगला शिक्षक, त्याचा रंग किंवा जात कशाला बघायची? मला गणित शिकवणारे सर कुठल्या समाजाचे होते हे मला आजही ठाऊक नाही. हे असं मोजायला लागलो तर समाज आणखी तुटेल असं प्रामाणिकपणे वाटतं.

तिठा

नाना, आदर ठेवून सांगतो, तुम्हाला ठाऊक नाही कारण तुम्हाला ते ठाऊक असण्याची गरज पडली नाही. ज्या मुलाला वर्गात मागे बसवलं जायचं त्याला आपल्या सरांचा समाज पक्का ठाऊक असायचा.

आणि हा वाद अमेरिकेतून आलेला नाही. १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं त्यात नेमका हाच मुद्दा आहे, की प्राथमिक शाळांतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील, सोवळं पाळून लांब राहणार नाहीत. अशा शिक्षकांना नीट प्रशिक्षण द्या, पगार बरा द्या, असंही त्यात आहे. म्हणजे नुसती जात बघा असं म्हणणं नाहीये, मुलाच्या घरापर्यंत पोचणारा माणूस बघा असं आहे.

सई_बे

नानांचा प्रश्न योग्य आहे, टाळू नये. रुबी ब्रिजेस १९६० ला न्यू ऑर्लिन्सच्या शाळेत गेली, सहा वर्षांची, केंद्र सरकारच्या मार्शल म्हणजे सशस्त्र अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात, तेव्हा गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली आणि तिला शिकवायला फक्त एक बाई तयार झाल्या, बार्बरा हेन्री, बोस्टनहून आलेल्या गोऱ्या बाई. वर्षभर रिकाम्या वर्गात एका मुलीला शिकवलं. तेव्हा रंगावरून माणूस ठरत नाही हे खरंच.

पण एका माणसाबद्दल बोलणं वेगळं आणि अख्ख्या स्टाफरूमबद्दल वेगळं. उत्तर कॅरोलिनातल्या मुलांवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास आहे, तिसरी ते पाचवीत एक जरी काळा शिक्षक लाभला तरी कायम गरिबीत राहिलेल्या काळ्या मुलग्यांचं शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. एक शिक्षक, एक वर्ष. आपल्यासारखं दिसणारं कोणीतरी फळ्यासमोर उभं आहे आणि ते आपल्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवतंय, याचा हा परिणाम असावा. मग ३८ हजार शिक्षक काढले तेव्हा किती मुलांचं काय गेलं याचा अंदाज करा.

आणि मला या धाग्यात सेप्टिमा क्लार्क हव्यातच. चार्ल्स्टनच्या शिक्षिका, चाळीस वर्षं नोकरी. १९५६ ला साउथ कॅरोलिनाने नियम केला की सरकारी नोकराने एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासद असायचं नाही. बाईंनी सभासदत्व सोडलं नाही, नोकरी गेली, पेन्शनही गेलं. मग त्या मोठ्या माणसांना शिकवायला लागल्या. जॉन्स आयलंडवर ईसॉ जेन्किन्स नावाचे एक गृहस्थ बस चालवायचे, मजुरांना रोज शहरात न्यायचे आणि वाटेत मतदार नोंदणीला लागणारा संविधानाचा उतारा पाठ करून घ्यायचे. एक बाई म्हणाली पाठ झालं, पण मला वाचायला शिकायचंय. त्यातून जानेवारी १९५७ मध्ये पहिली सिटिझनशिप स्कूल निघाली, पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून. शिकवायला कोण? बर्निस रॉबिन्सन, ब्यूटी पार्लर चालवणारी बाई. मुद्दाम तिला निवडलं, शिक्षक लोकांवर रुबाब करतील म्हणून. तिने पहिल्या दिवशी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कोणाला सही करायची होती, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कोणाला लांब असलेल्या मुलाचं पत्र स्वतः वाचायचं होतं. तोच अभ्यासक्रम. पुढे अशा शेकडो शाळा दक्षिणेत झाल्या आणि हजारो लोक मतदार झाले.

१९६४ ला मिसिसिपीत फ्रीडम स्कूल्स निघाल्या, चाळीसच्या वर, उन्हाळ्यापुरत्या, दोन हजारांवर मुलं आली. तिथे मुलांपुढे ठेवलेले प्रश्न बघा, बहुसंख्याकांकडे असं काय आहे जे आपल्याला हवंय, काय आहे जे नकोय, आणि आपल्याकडे असं काय आहे जे आपल्याला टिकवायचंय. सातवी-आठवीच्या वर्गात हे तीन प्रश्न आजही ठेवता येतील.

रानवारा

+१ सईताई.

पूरक माहिती, १९४६ ला बाबासाहेबांनी डु बॉइसना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी युनोकडे जो अर्ज केलाय त्याच्या प्रती मिळतील का म्हणून, आणि डु बॉइसनी उत्तरही दिलं. त्याच साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तिकडे ब्लॅक पँथर पक्ष १९६९ पासून मुलांना शाळेआधी फुकट नाश्ता द्यायचा, ऑकलंडला त्यांनी चालवलेली शाळा १९८२ पर्यंत होती. आपल्याकडे १९७२ ला निघालेल्या दलित पँथरने नाव तिथून घेतलं, शाळा-नाश्त्याचा भाग मात्र फारसा इकडे आला नाही याचं मला वाईट वाटतं.

नाना_सदाशिव

तिठा, सईताई, उत्तरं विचार करायला लावणारी आहेत. हंटर कमिशनचं निवेदन मुळातून वाचतो आणि मग बोलतो.

कोरी_पाटी

मला यातून हातात धरण्यासारखं एक हवंय. त्या जुन्या शाळांतले शिक्षक रोजच्या रोज वेगळं काय करायचे? "माया" म्हणून सोडून देऊ नका, कृती सांगा.

मृण्मयी_एनसी

छान विचारलंत. व्हेनेसा सिडल वॉकर या अभ्यासिकेने आमच्या राज्यातल्या कॅसवेल कौंटीच्या एका काळ्या शाळेचा बारकाईने अभ्यास केलाय, १९३० च्या दशकापासून १९६९ पर्यंत चाललेली शाळा, मुख्याध्यापक एन. एल. डिलर्ड. तिथे शिक्षक मुलांच्या घरी जायचे आणि फक्त तक्रार घेऊन नाही. रविवारी गावच्या चर्चमध्ये जायचे, मुलाच्या आईला भेटायचे तिथे ते सर म्हणून नाही तर शेजारी म्हणून. पालक-शिक्षक सभेला शेकड्याने लोक यायचे कारण बोर्डाकडे काय मागायचं हे तिथे ठरायचं, मुख्याध्यापक ते घेऊन बोर्डापुढे उभे राहायचे. आणि शिक्षक स्वतः शिकत राहायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यूयॉर्कला कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात जायचे, कारण इथली गोऱ्यांची विद्यापीठं त्यांना घेत नव्हती, राज्य सरकार बाहेर शिकायचे पैसे द्यायला तयार होतं पण घरात घ्यायला नाही! परिणाम असा की खेड्यातल्या काळ्या शाळेत चांगले पदव्युत्तर शिक्षक होते.

तेव्हा कोरी_पाटी, घरी जाणं, पालकसभेत खरोखर काहीतरी ठरवायला देणं आणि शिक्षकाला शिकायला वेळ-पैसा देणं, माझ्या मते हे तीन. पहिलं तुमच्या हातात आहे आणि मला खात्री आहे तुम्ही करतच असाल. तिसरं सरकारच्या हातात, त्यासाठी भांडायलाच हवं.

गुरुजी_साताराकर

दोन दिवस हाच धागा वाचतोय. मृण्मयीताई, एक विनंती. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला अधूनमधून बोलायला बोलावतात. तिथे हाइड कौंटीची गोष्ट सांगावी म्हणतो, कारण आमच्या तालुक्यातही वाडीवरच्या शाळांचा प्रश्न आहे आणि पालक गप्प आहेत. त्या वर्षभरात मुलांच्या शिक्षणाचं लोकांनी काय केलं? शिक्षक कोणाच्या बाजूने होते? आणि शाळा वाचल्या म्हणजे पुढे काय झालं?

मृण्मयी_एनसी

गुरुजी, जरूर सांगा. चर्चमध्ये वर्ग भरवले, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवलं, तरी वर्ष गेलंच, ती किंमत पालकांनी डोळे उघडे ठेवून मोजली. शिक्षकांची अवस्था अवघड होती, पगार बोर्डाचा आणि शाळेत मुलं नाहीत. ईडन्टनचे गोल्डन फ्रिंक्स नावाचे कार्यकर्ते तिथे मोर्चांच्या तयारीसाठी होते पण निर्णय गावच्या लोकांच्या सभेत व्हायचे, रोज रात्री. पुढे दोन्ही इमारती चालू राहिल्या आणि गोरी मुलंही त्याच इमारतींत शिकायला आली, जे बोर्डाला आधी अशक्य वाटत होतं.

माझ्याकडची टिपणं मराठीत टाईप करून वेगळा धागा काढते, नकाशासकट, म्हणजे कोरी_पाटी यांनाही वापरता येईल. परिषद कुठल्या तारखेला आहे तेवढं कळवा, त्याआधी देते.